शेठचं गुरगुरणं

भाऊजींनी शेठचं गुरगुरणं बंद केलं, आणि त्याचा त्यांना इतका अभिमान होता की घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते करून दाखवायचे.

शेठ म्हणजे माझ्या ताईचा कुत्रा. तपकिरी, रुंद छातीचा. पुढचे दोन पाय पसरून असा बसतो की जणू समोर गल्ला आहे आणि गिऱ्हाईक यायचंय, म्हणून शेठ. ताईने त्याला रस्त्यावरून आणला तेव्हा त्याच्या बरगड्या मोजता आल्या असत्या. पोटभर खायला मिळायला लागलं तरी भांड्याजवळ कुणी आलं की तो हळूच गुरगुरायचा. चावला कधीच नव्हता. माझं होऊ दे, मग या, एवढंच त्याचं म्हणणं. कितीतरी माणसं हेच याहून वाईट शब्दांत सांगतात.

पण भाऊजी पडले पॅकिंग कारखान्यातले सुपरवायझर. दिवसभर माणसांना रांगेत उभं करून घरी यायचं आणि घरात आपल्यावर कुत्र्याने गुरगुरायचं, हे त्यांना कसं खपावं? त्यांनी एका पत्र्याच्या डब्यात खिळे भरले. शेठ गुरगुरला की तो डबा त्याच्या कानाशी दाणकन आपटायचा आणि गळ्यातली साखळी वर खेचायची, इतकी की पुढचे पाय जमिनीवरून उचलले जावेत. काही दिवसांत शेठ गप्प झाला. मग पाहुणे आले की भाऊजी त्याच्या भांड्यात हात घालून जेवण ढवळायचे आणि म्हणायचे, "बघा. याला म्हणतात शिस्त!" पाहुणेही माना डोलवायचे.

कुत्र्यांना शिकवणं हा माझा धंदा आहे, आणि यातलं मला कुणी काही सांगितलं नव्हतं. ताईला वाटलं, मी येऊन भांडेन. बरोबर वाटलं तिला.

मला कळलं ते शेठ बबडीला चावल्यावर. बबडी म्हणजे माझी भाची, नुकती शाळेत जायला लागलेली. ताई औषधांच्या दुकानात कामाला असते, ती तेव्हा कामावर होती. घरी भाऊजी होते आणि त्यांचे कारखान्यातले दोन मित्र आले होते. भाऊजींनी सगळ्यांना सांगितलं ते असं, की बबडी एकटीच शेठच्या भांड्याशी खेळायला गेली आणि तो काही कारण नसताना तिच्या हाताला चावला. तळहाताला टाके पडले. मी पोहोचले तेव्हा बबडी ताईच्या मांडीवर झोपली होती आणि शेठला मागच्या न्हाणीघरात कोंडून ठेवलं होतं. आतून आवाज नाही की काही नाही.

"साधं गुरगुरलासुद्धा नाही," भाऊजी म्हणाले. "सरळ चावला. बेइमान जात."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं.

"गुरगुरेल कसा?" मी म्हटलं. "तुम्हीच बंद केलंत ना ते? कुकरची शिट्टी दाबून धरायची, आणि कुकर फुटला की कुकरच्या नावाने बोटं मोडायची!"

"मेव्हणीबाई, मुलीला लागलंय. तुमचं भाषण नको आत्ता."

"मुलीला लागलं ते तुमच्यामुळे! तो आधी सांगत होता की मला भीती वाटते. तुम्ही त्याची भीती घालवली नाहीत, सांगणं तेवढं बंद केलंत. पाहुण्यांसमोर शेखी मिरवायला!"

"हळू बोल गं," ताई म्हणाली. "उठेल ती."

ताईचं हे नेहमीचं. हळू बोल, जाऊ दे, ते दमून आलेत, त्यांचं डोकं दुखतंय. त्या घरात भाऊजी सोडून सगळे हळू बोलतात. मला तर तिचाही राग आला, टाके पडलेली मुलगी मांडीवर असताना आला, आणि तो तसा यायला नको होता वगैरे मी काही म्हणणार नाही.

भाऊजींनी ठरवूनच टाकलं होतं. शेठला इंजेक्शन देऊन संपवायचं. पण गुरांच्या आणि कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मला ओळखत होत्या आणि त्यांच्याकडे नोंद ताईच्या नावाची होती. त्या म्हणाल्या, "मी त्याला इथे ठेवून घेते. तू त्याच्याबरोबर काम कर. महिन्याच्या शेवटी मला तू आणि तुझी बहीण सांगा, तो घरी जाण्यासारखा आहे की नाही. नसेल तर मग चावलेल्या कुत्र्याला घेणारं दुसरं कुणी मला माहीत नाही." मी त्याला माझ्याकडे नेऊ शकत नव्हते. मी जिथे कुत्र्यांना शिकवते त्या आवाराचा मालक रात्री एकही कुत्रं ठेवू देत नाही, आणि राहायला माझी एकच खोली, तीही त्याचीच.

भाऊजी तयार झाले, कारण ताई त्यांच्यासमोर रडली, आणि तिचं रडणं त्यांना फोनच्या रिंगसारखं वाटतं, बंद व्हावं एवढीच इच्छा. पण अट घातली. "महिन्याच्या शेवटी मी स्वतः बघणार. आणि तो एकदा जरी गुरगुरला ना, एकदा जरी, तरी संपलं. मग कुणी रडायचं नाही."

म्हणजे आली का पंचाईत! कुत्रा सुरक्षित व्हायचा तर त्याचं गुरगुरणं परत आणायला हवं होतं. आणि तो गुरगुरला की मरणार होता. मी भाऊजींना हे समजावून सांगितलं, चक्क शांतपणे, दोनदा. ते हसले. "म्हणजे तू कुत्र्याला गुरगुरायची शिकवणी देणार? उद्या चोराला चोरीची दे." मी तिथून निघाले, नाहीतर माझ्या हातातली किल्ल्यांची जुडी त्यांच्या दिशेने गेली असती.

माझं आवार गाड्या धुण्याच्या जागेमागे आहे. एक पत्र्याची शेड, थोडं गवत, खोकी, जुने टायर. तिथे मी कुणावर आवाज चढवत नाही. म्हणजे कुत्र्यांवर. त्यांच्या मालकांवर चढवते, आणि ते ऐकून घेतात, कारण त्यांच्या गाद्या फाटलेल्या असतात. माझी पद्धत साधी आहे. कुत्र्याने बरोबर काही केलं की हातातलं बटण टिक्‌ करायचं आणि खाऊ द्यायचा. चुकलं तर काही नाही. ओरडायचं नाही, मारायचं नाही, ओढायचं नाही. त्याला काय हवंय आणि कशाची भीती वाटते ते बघायचं, आणि भीतीच्या जागी काहीतरी चांगलं ठेवत जायचं. हे ऐकून भाऊजी एकदा म्हणाले होते, "कुत्र्यांना खाऊ आणि आम्हाला शिव्या." मी म्हटलं होतं, "कुत्री सुधारतात."

शेठला मी रोज दवाखान्यातून तिथे आणायचे आणि संध्याकाळी परत सोडायचे. पहिले काही दिवस त्याने काहीच केलं नाही. मी भांडं ठेवलं की तो त्यावर मान वाकवून ताठ व्हायचा. ओठ घट्ट, एकदा जिभेने नाक चाटायचा, तोंड फिरवायचा आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्या हाताकडे बघायचा. डोळ्यातलं पांढरं दिसायचं. आवाज नाही. मी लांबूनच थांबायचे, उकडलेल्या चिकनचा तुकडा त्याच्याकडे फेकायचे आणि मागे सरकायचे. पुन्हा. पुन्हा. माणूस जवळ आला तर काही जात नाही, उलट मिळतं आणि माणूस परत जातो, एवढंच त्याला कळायला हवं होतं. साखळी मी पहिल्याच दिवशी कचऱ्यात टाकली होती. पाठीवरून बांधायचा मऊ पट्टा घेतला होता, तो घालतानाही त्याने अंग चोरलं. ते बघून माझ्या डोक्यात अशी तिडीक जायची की मी शेडच्या मागे जाऊन टायरला लाथ घालून यायचे. त्याच्यासमोर नाही.

मग त्याला मी काम दिलं. जुन्या टॉवेलमध्ये त्याचं खाणं गुंडाळून ठेवायचे, खोक्यात चुरगळलेल्या कागदाखाली लपवायचे, गवतात उधळायचे. शेठ नाक जमिनीला लावून तासन्‌तास हुंगत बसायचा. कुत्र्याला नाक वापरू द्या, अर्धं दुखणं तिथेच कमी होतं. एक दिवस त्याने खोकं फाडून त्याच्या चिंध्या केल्या आणि त्या ढिगात पाय पसरून बसला, गल्ल्यावर बसल्यासारखा. मला हसू आलं आणि त्याच दमात भाऊजींचा राग आला. एवढं साधं होतं हे! एक खोकं!

जाळीचं मुसकं घालायलाही तो शिकला. आत चीज लावून ठेवलं की आपणहून नाक घालायचा. मुसकं घातलेलं असतानाच मी बबडीला कुंपणापलीकडे येऊ दिलं. ताई तिला दुकानातून सुटल्यावर घेऊन यायची. मी दोघींना शेठ वाचायला शिकवलं. ताठ झाला म्हणजे काय, नाक चाटलं म्हणजे काय, डोळ्यातलं पांढरं दिसलं म्हणजे काय. ताईला हे इतकं पटकन जमलं की मी चकित झाले. माझ्या आधी ती म्हणायची, "बघ, आता त्याला नकोसं झालंय."

"तुला कसं कळतं गं एवढं लवकर?"

"काय माहीत," ती म्हणाली. "घरी सवय आहे. चेहरा बघून ओळखायची."

बबडीला मी एकच गोष्ट शिकवली. शेठने नको म्हटलं, म्हणजे गुरगुरला किंवा ताठ झाला, तर थांबायचं, वळायचं आणि निघून जायचं. पळायचं नाही, ओरडायचं नाही. तिला ते आवडलं. एकदा ती म्हणाली, "मावशी, त्याने नको म्हटलं की खरंच थांबायचं?"

"खरंच थांबायचं."

"प्रत्येक वेळेला?"

"प्रत्येक वेळेला."

ती बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली.

शेवटच्या आठवड्यात शेठ माझ्याशी मोकळा झाला होता. मी भांड्याजवळ गेले की शेपटी हलवायचा. पण गुरगुरणं काही परतलं नव्हतं, आणि ते मला खुपत होतं. मला भीती गेलेली दिसत होती, पण पुन्हा कधी आली तर तो सांगेल की गप्प राहून चावेल, हे मला कळत नव्हतं. आणि ते कळल्याशिवाय मी डॉक्टरीणबाईंना शब्द देणार नव्हते. बबडीच्या हातापुढे शेठ मला दुय्यम होता. हे ताईला मी स्पष्ट सांगितलं आणि सांगताना मला रडू आलं.

महिन्याच्या शेवटी आम्ही शेठला ताईच्या घरी नेलं. स्वयंपाकघराच्या दारात मी लाकडी फाटक बसवून घेतलं होतं. ताई आणि बबडी फाटकाच्या आत, शेठ बाहेरच्या खोलीत, त्याचा पट्टा माझ्या हातात. ठरलेलं असं होतं की मी भांडं ठेवणार, शेठ जेवणार, सगळे लांबून बघणार, आणि भाऊजी सोफ्यावरून उठणार नाहीत. हे त्यांच्याकडून मी कबूल करून घेतलं होतं.

शेठने निम्मं खाल्लं असेल. भाऊजी उठले.

"भाऊजी, बसा."

"माझं घर आहे," ते म्हणाले. "परीक्षा अशी असते का? लांबून?" आणि ते सरळ चालत आले, वाकले आणि त्यांनी भांड्यात हात घातला.

मी पट्टा आवळून धरला, पण ओढला नाही. ओढला असता तर त्याला साखळीसारखाच धसका बसला असता. शेठ ताठ झाला. नाक चाटलं. डोळ्यांत पांढरं दिसलं. आणि मग त्याच्या छातीतून, अगदी खालून, तो आवाज निघाला. लांब, सलग, स्पष्ट. त्याचं तोंड भाऊजींच्या मनगटाला लागून होतं आणि तो चावत नव्हता. तो सांगत होता.

मी आयुष्यात याहून चांगला आवाज ऐकलेला नाही.

"ऐकलं?" भाऊजी ओरडले. हात भांड्यातच. "ऐकलंत ना सगळ्यांनी? महिनाभर चिकन खाऊन हे! फोन लाव त्या डॉक्टरला. आजच्या आज."

"हात काढा आधी!" मी म्हटलं.

"का काढू? मी घाबरतो का याला?"

"बाबा," फाटकातून बबडी म्हणाली. "हात काढा ना. तो नको म्हणतोय."

"तू गप्प बस!"

असे ओरडले की खिडकीची काच हलली. मी शेठकडे बघत होते, आता चावतो की काय म्हणून. शेठ गुरगुरतच होता. मग मी बबडीकडे पाहिलं.

ती ताठ झाली होती. ओठ घट्ट मिटलेले. तिने जिभेने वरचा ओठ चाटला, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बापाच्या हाताकडे बघत राहिली.

मी ते पाहिलं. ताईनेही पाहिलं. महिनाभर मी तिला दुसरं शिकवलं तरी काय होतं?

ताईने फाटकाची कडी काढली, बाहेर आली आणि आपल्यामागे कडी परत लावली. भाऊजींच्या जवळ गेली. "हात काढा," ती म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस."

"हात काढा."

आवाज चढवला नाही तिने. पण लग्न झाल्यापासून मी तिचा तो आवाज ऐकला नव्हता, आणि भाऊजींनी तर कधीच ऐकला नसावा. ते तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी हात काढला.

शेठ त्याच क्षणी थांबला. मी बटण टिक्‌ केलं आणि त्याच्यापुढे खाऊचा ढीग टाकला. माझी पद्धत सांगते की बरोबर वागणाऱ्याला लगेच शाबासकी द्यावी. हात काढल्याबद्दल भाऊजींनाही द्यायला हवी होती. मी दिली नाही. इतकी चिडले होते.

ताई परत फाटकाशी गेली आणि खाली बसली. बबडीच्या समोर नाही, जरा बाजूला, मी शेठच्या बाजूला बसायचे तशी. तिच्याकडे न बघता म्हणाली, "तू काहीतरी सांगत होतीस ना? सांग. मी ऐकतेय."

ताईने परत विचारलं नाही. आम्ही थांबलो. शेठ भांडं चाटून पुसत होता, त्याचा आवाज तेवढा येत होता.

"मी पण नको म्हटलं होतं," बबडी म्हणाली.

"कधी, बाळा?"

"तेव्हा. काका आले होते तेव्हा. बाबा म्हणाले, घाल हात भांड्यात, दाखव काकांना. मी म्हटलं नको, मला भीती वाटते. बाबा म्हणाले, घाबरट कुठली. मग माझा हात धरून घातला."

महिनाभर ही मुलगी ते गिळून बसली होती. एकटीच खेळायला गेली होती म्हणे! मी भाऊजींच्या दिशेने निघाले आणि काय करणार होते ते मला आजही माहीत नाही. शेठचा पट्टा माझ्या हातात होता म्हणून थांबले.

"लहान पोरं काहीही बोलतात," भाऊजी म्हणाले. "अगं, मी जरा तिची भीती घालवायला... चावेल असं कुणाला वाटलं होतं? गुरगुरला पण नाही तो."

ताईने टेबलावरचा फोन घेतला आणि डॉक्टरीणबाईंना लावला. "शेठ घरी राहतोय," ती म्हणाली. "हो, गुरगुरला. चावला नाही. हो, माझी जबाबदारी." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ताईने आधी बबडीकडे पाहिलं, मग भाऊजींकडे. "नाही, घरात धोका राहणार नाही," ती म्हणाली. "ते मी बघते."

तिने फोन खाली ठेवला आणि नवऱ्याला विचारलं, "तुमची बॅग तुम्ही भरता की मी भरून देऊ?"